कुंपणाखालची वाट

“ताई, कुंपणाखालून ये गं! फाटकाला कुलूप घातलंय बाबांनी!”

धाकट्या बहिणीची ती लहानपणची हाक आईच्या कानात अजून ताजी होती. तेव्हा बाग एकच होती. पुढे धाकटीनं आपल्या वाट्यातली पट्टी रुंद रस्त्यासाठी दिली, बाग मधोमध चिरली गेली, आणि आईनं भर अंगणात सुनावलं, “हा रस्ता ओलांडून तुझ्या दारात पाऊल ठेवायची नाही मी!” शब्द तोंडातून गेला तो गेला. पलीकडच्या दोरीवर धुणं दिसलं की आई मनाशी म्हणायची, आज बरी आहे. हाक मात्र पुन्हा आली नाही.

आता लेक शहराच्या उद्यान खात्यात होती. रस्त्यानं तोडलेल्या झाडीतल्या मुंगसांना एकमेकांकडे जाता यावं, म्हणून तिनं रस्त्याखालून कमरेएवढं भुयार करून घेतलं. एक तोंड आईच्या परसात, दुसरं मावशीच्या. दोन्हीकडे झुडपं लावली, मावशीच्या बाजूला आवाजही टिपणारा कॅमेरा बसवला. कॅमेऱ्यात यायचा तो नुसता पाचोळा.

“आलं का गं कुणी पलीकडून?” आई रोज विचारायची. भाजी चिरता चिरता, सहज विचारल्यासारखं.

“नाही ना. या महिन्यात कुणी फिरकलं नाही तर बुजवा म्हणतात साहेब. पण तुला कधीपासून मुंगसांचा एवढा लळा?”

“मला कसला लळा! विचारलं आपलं.”

“इकडचं तिकडे जायला बिचकतं, तिकडचं इकडे यायला. कुणीतरी एकानं आधी जायला हवं.”

आईची सुरी थांबली. “असं होय,” ती म्हणाली, आणि पुन्हा चिरू लागली.

दोनच दिवसांनी कचेरीत लेक ओरडली, “आलं! आलं!” सगळे पडद्याभोवती गोळा झाले. अंधारातून काहीतरी सरकत येत होतं.

गुडघ्यांना उशा बांधून, विजेरी दातांत धरून, तिची आई रांगत होती.

कचेरी खो खो हसली. लेकही हसली, आणि हसता हसता थांबली. भुयाराच्या तोंडाशी मावशी झुडपांना पाणी घालत होती. झारी तिच्या हातात तशीच वाहत राहिली.

“ताई? रस्ता ओलांडणार नव्हतीस ना?”

आईनं दातांतली विजेरी हातात घेतली. “ओलांडला कुठे? खालून आले.” तिनं विजेरी विझवली, केसांतला पाचोळा झटकला. मग वरून जाणाऱ्या गाड्यांच्या घरघरीतच ती म्हणाली,

“करमत नाही गं तुझ्यावाचून.”