कुठेच नाही

“इथे दुखतं. धावताना जास्त. मग डोळ्यांपुढे अंधारी येते.”

खुर्चीत टेकल्या टेकल्या नऊ वर्षांच्या मुलीनं पाढे म्हणावेत तसं एका दमात सांगून टाकलं. आई भिंतीकडे बघत राहिली.

कार्डिओग्राम काढणाऱ्या ताईंना हसू आवरेना. ही वाक्यं त्यांचीच की! धडधाकट मुलाच्या हृदयाची तपासणी म्हटली की विमावाले हात वर करायचे. फॉर्ममधल्या ‘तक्रार’ या रकान्यात काहीतरी दुखत असल्याशिवाय गाडी पुढे सरकतच नसे. म्हणून ताईच आयांना दाराबाहेर गाठून हे पढवायच्या. करणार काय? तपासणी तर व्हायला हवी.

“हे कोणी शिकवलं गं तुला?”

“आईनं. आणि आईला तुम्ही. दादाच्या वेळी.”

“अगं बाई!” ताईंनी जीभ चावली. “अहो, आता त्याची गरज नाही. या महिन्यापासून कायदाच झालाय. मुलांची हृदयतपासणी विम्यात करावीच लागते, काही दुखो न दुखो. बाहेर नोटीस लावलीय की!”

आई ओशाळून हसली, पण ते हसू टिकलं नाही. मुलीला आडवं केलं, तारा लावल्या, आलेखाची पट्टी निघाली. डॉक्टरांनी ती निरखून पाहिली, आणखी एक तपासणी केली, “ठणठणीत आहे, पळू दे खुशाल,” म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. पोर परत खुर्चीत येऊन पाय हलवत बसली.

तरी आई जागची हलेना. “आठवडाभर घोकून घेतलं हो मी तिच्याकडून. इतकं छान म्हणायला लागली, की माझीच झोप उडाली. खरंच दुखत असेल तर? मी कसं ओळखू आता?”

 ताई ‘तक्रार’च्या रिकाम्या रकान्यावर पेन टेकवून मुलीकडे वळल्या.

“आता खरं सांग, बाळा. कुठे दुखतं?”

मुलीनं आईकडे पाहिलं. आईनं ‘सांग’ अशी मान हलवली.

“कुठेच नाही.”

“परत विचारा,” आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

“कुठे दुखतं?”

“अहो, कुठेच नाही!”

आईनं डोळे पुसले आणि पर्स उचलली. ताईंचं पेन मात्र तिथंच थांबलेलं. या खुर्चीत बसून हे उत्तर त्यांना आजवर एकाही मुलानं दिलं नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी आपणहूनच विचारलं.