पाठीची शिवण

ह्यांचं कपाट सूनबाईने उघडलं तेव्हाच माझं डोकं सणकलं. अर्धांगवायूने हे नऊ महिने पडून, अंगावर गाऊनशिवाय काही चढत नाही, म्हणून कपडे वाटून टाकायचे म्हणे. “माणूस जिवंत आहे अजून! उठल्यावर काय तुझा झगा घालतील?” तेवढ्यात ह्यांनी डाव्या हाताने नव्याकोऱ्या कोटाकडे बोट दाखवलं, वाचा तर गेलेलीच. मी तोऱ्यात म्हटलं, “बघ, मागतायत!” दोघींनी उठवून बसवलं. उजवा हात आखडलेला, बाहीत जाईना, हे कळवळले. मग ह्यांनीच डाव्या हाताच्या दोन बोटांची कात्री हवेत चालवून दाखवली. पाठीतून चिरलेला कपडा पुढून चढवता येतो, हे नर्सने कधीच सांगितलं होतं. पण उठणाऱ्या माणसाचे कपडे कोण कापतं? सूनबाईने कात्री आणली. “दे इकडे,” म्हटलं आणि कॉलरपासून खालपर्यंत कोट मीच कापला. “आता शर्ट दे,” मी म्हणाले, “सगळे.”