कुलपातल्या गोळ्या

“सहलीला तू नाहीस. डोंगर चढताना तुला काही झालं तर? मला नाही बाबा जबाबदारी घेता यायची!” वर्गशिक्षक म्हणाले आणि त्यांनी फळ्याकडे तोंड फिरवलं.

सातवीतली ती मुलगी बाकाशी उभीच राहिली. गेल्या वर्षीची सहलही तिच्या मधुमेहापायी हुकली होती. या वर्षी तिला जायचंच होतं. अगदी रडू फुटायच्या बेतात होती ती.

सर वाईट नव्हते हो. उलट चांगुलपणाच जरा उतू जायचा. मुलांनी त्यांचं नावच ठेवलं होतं, काळजीवाहू. तिनं जांभई द्यायचा अवकाश, सर खडू टाकून धावत. “चक्कर येतेय का? मी एकच दिसतोय ना?”

साखर एकदम उतरली तर खायला म्हणून तिच्या आईनं लिमलेटच्या गोळ्या दिल्या होत्या. ती पिशवी सरांनी पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली आणि टेबलाच्या खणात कुलूपबंद केली. “लागेल तेव्हा माझ्याकडे मागायची. हयगय नको!” किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात. हल्ली सरांचा एक गाल सारखा फुगलेला दिसायचा. दाढ दुखत असेल बिचाऱ्यांची, असं सगळे धरून चालले होते.

“सर,” ती म्हणाली. तिला दरदरून घाम फुटला होता. “साखर उतरलीये. गोळी द्या.”

झालं! सरांची पाचावर धारण बसली. किल्ली काही केल्या कुलपात जाईना. एकदाचा खण उघडला. आत नुसते चिकट, चुरगळलेले कागद.

“अगं, तुझी काळजी वाटली की मी... एखादीच...” सर कागद उलटेपालटे करत म्हणाले.

तिनं कंपासपेटी उघडली. कर्कटकाशेजारी चार गोळ्या होत्या, सरांना पत्ता नसलेल्या. तीन तिनं कडाकडा चावून खाल्ल्या आणि निवांत बसून राहिली. मग बोट टोचून मीटरवरचा आकडा पाहिला. आता ठीक होता.

सर मात्र अजून खुर्चीत बसून घाम पुसत होते. तिनं उरलेली गोळी सोलून त्यांच्या तळहातावर ठेवली.

“घ्या सर. आणि सहलीला बिनधास्त या. तुमची जबाबदारी माझी.”