सुशीलाबाई पाण्यात उतरतात

"मले बी उतरायचं हाय," सुशीलाबाई म्हणाल्या आणि गाईडच्या हातातला पाण्याखाली पाहायचा चष्मा त्यांनी स्वतःच घेतला.

स्पीडबोट मघाशीच किनाऱ्याला लागली होती. अंदमानचं ते पाणी इतकं स्वच्छ होतं, की बोटीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसत होती. नात डिंपल तर लाइफ जॅकेट घालून केव्हाचीच कमरेएवढ्या पाण्यात नाचत होती.

रिताला हसू आवरेना. वरठीहून निघाल्यापासून तिची सासू अशीच हुरळली होती. विमानातली खिडकी त्यांनी नातीशी भांडून मिळवली. सकाळच्या मोठ्या बोटीत सगळे आत एसीत बसले, तर या बाहेर कठडा धरून उभ्या. मग काचेच्या तळाची बोट झाली. त्यात त्या काचेला नाक लावून अशा बसल्या, की शेजारची पुण्याची बाई म्हणाली, आजी, जरा आम्हालाही बघू द्या.

घरी मात्र त्या माशाला शिवतसुद्धा नसत. रिताच्या हातच्या रश्श्यासाठी दिघोरीहून पाहुणे यायचे, पण सासूबाई त्या दिवशी चटणी-भाकर घेऊन अंगणात बसत. काही नवस असेल म्हणून रितानं कधी विचारलं नाही.

हीच बाई नागपूरला लग्नाला चला म्हटलं तरी गुडघे दाखवायची. मुलानं, राजकुमारनं, त्यांना दिघोरीला धनीरामकाकांकडे ठेवायचं ठरवलं होतं. पण एका संध्याकाळी डिंपल शाळेचा नकाशा घेऊन आजीला शिकवायला बसली. ही आपली वैनगंगा. ती प्राणहितेत जाते, प्राणहिता गोदावरीत, गोदावरी समुद्रात. आणि त्याच समुद्रात हे अंदमान, जिथं आपण आता चाललो. सुशीलाबाईंनी ती निळी रेघ बोटानं पुन्हा पुन्हा गिरवली. सकाळी त्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती.

आता अडलं होतं राजकुमारवर. प्लांटमध्ये धगधगत्या भट्टीपुढे उभा राहणारा हा माणूस पाण्याला घाबरायचा. लहानपणी थोरला भाऊ मोनू वैनगंगेच्या पुरात वाहून गेला, तेव्हापासून तो नदीच्या घाटावरही जात नसे. आजही तो कोरड्या वाळूत जॅकेट घालून बसला होता. बाबा, वाळूत बुडणार आहात का, असं डिंपलनं विचारूनही झालं होतं.

"आई, हे तुह्या वयाचं काम हाय का? गुडघे तं पाह्य आपले."

"पाण्यात गुडघे कायले लागतात? तो गाईडच ओढून नेते म्हने."

"अन् काही झालं तं?"

"तं तू काय करशीन? तू तं वाळूत बसला हायेस."

रिता खळखळून हसली. राजकुमार हसला नाही. शेवटी तीच मध्ये पडली. आईंनी जन्मात पहिल्यांदा काही मागितलं आहे, जाऊ द्या, म्हणाली. मीही सोबत आहे. त्यानं रबरी ट्यूब क्षणभरही सोडायची नाही, अशी अट घातली.

गाईडनं बीपी विचारलं, छातीचं विचारलं. सुशीलाबाईंनी त्याला उलट एकच विचारलं.

"भैया, नदी का पानी इधर तक आता क्या?"

"सब पानी आखिर समंदर में ही आता है, माँजी."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी साडी वर खोचली, तोंडात नळी धरली आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात तोंड घातलं.

खाली दुसरंच जग होतं. पिवळे मासे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, फुलकोबीसारखी पोवळी. निळ्या माशांचा थवा रिताच्या हाताला घासून गेला आणि ती नळीतूनच ओरडली. डिंपल तिचा हात ओढत होती, इकडे पाहा, तिकडे पाहा. गाईड बोटानं मासे दाखवत होता. सुशीलाबाई मात्र त्याच्या बोटाकडे पाहतच नव्हत्या. त्या मान वळवून पोवळ्यांच्या कपारी, खडकांच्या बेचक्या पाहत होत्या.

दम खायला सगळ्यांनी डोकी वर काढली. सुशीलाबाईंनी काढलं नाही. माँजी तो निकलने का नाम ही नहीं लेतीं, गाईड हसत म्हणाला. अखेर त्यानं ट्यूब ओढत किनाऱ्याकडे आणली, तरी त्यांचं तोंड पाण्यातच.

राजकुमार पुढे धावला. आपण गुडघाभर पाण्यात उभे आहोत, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. त्यानं आईला दंडाला धरून उभं केलं.

"पाहिलं ना, आई?" रिताला धाप लागली होती, पण बोलणं थांबेना. "ते पिवळे, ते निळे! कसं वाटलं?"

सुशीलाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. डोळ्यांभोवती त्याचा लाल वळ उठला होता. त्यांनी राजकुमारचा हात घट्ट धरला.

"इथं तं नाही दिसला गा मोनू," त्या म्हणाल्या. "उद्या दुसऱ्या बेटावर नेशीन ना?"