हिरवी रेघ

किडनीची वाट बघणाऱ्यांची यादी ज्या वेबसाइटवर होती, ती एकेका शोधाला किती वेळ घेते हे मोजायचं आणि तो वेळ कमी करायचं काम त्याच्याकडे होतं. किडनी आली की तीन हजार नावं चाळून जुळणारा पेशंट काढायला एकोणीस सेकंद लागायचे. भिंतीवरच्या स्क्रीनवर वेळ दाखवणारी रेघ लाल व्हायची आणि साहेब सगळ्यांसमोर त्याची बिनपाण्याने करायचे.

शेवटी वैतागून त्याने एक ओळ बदलली. आता शोध पहिल्या पन्नास नावांपुढे जायचाच नाही. वेळ अर्ध्या सेकंदावर आला, रेघ हिरवीगार झाली.

"अरे, बाकीच्या लोकांचं काय?" शेजारच्या टेबलावरच्या मुलीने हळूच विचारलं. "आणि पन्नासच का?"

"माझ्या ताईचा नंबर अठ्ठेचाळीस आहे," तो स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणाला. "बाकीच्यांचं मला विचारू नकोस."

दुपारी साहेब स्वतः त्याच्या खुर्चीपाशी आले. पन्नास नावांची युक्ती त्यांनी नीट समजून घेतली आणि त्याची पाठ थोपटली.



"डोकं आहे हं तुला. आता पंचवीस करून टाक, अजून पळेल."