समोरून येणारा

मदीरा बेटावरच्या डोंगरातल्या पाण्याच्या पाटावर माझे बाबा, सेलेस्तीनो, चाळीस वर्षं पाटकरी होते. त्या दिवशी ते काम माझ्या हाती सोपवणार होते. लॉरेलच्या रानातून पाटाच्या कडेनं चालत आम्ही भरदुपारी लांब बोगद्याशी आलो. आत एका वेळी एकच माणूस मावेल एवढी वाट. एकीकडे भिंत, दुसरीकडे गुडघाभर पाणी.

"वाकून चाल, इदालिना. इथे शहाण्यांचंही कपाळ फुटतं," म्हणत बाबा पुढे झाले. मी दहा पावलं मागे होते.

मध्यावर आलो तेव्हा समोरून पावलं वाजली.

"भिंतीला चिकटून उभी राहा. बॅटरी खाली धर, येणाऱ्याचे डोळे दिपतात," बाबा म्हणाले. मग कुणाला तरी, "या, सावकाश या."

मी ओल्या भिंतीला पाठ लावली. पावलं बाबांना ओलांडून माझ्या दिशेनं आली आणि मध्येच थांबली.

"गेला का गं?"

"माझ्याकडे कुणी आलंच नाही, बाबा."

"चेष्टा नको. मला घासून गेला तो. माझी बाही भिजली."

मी बॅटरी वर केली. आमच्या दोघांमध्ये नुसती रिकामी वाट होती.

बाबा झपझप चालू लागले. त्यांच्या पाठीवर नजर रोखून मीही निघाले.

ते उजेडात पोहोचले, मागे वळले आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"इदालिना," ते अगदी हळू म्हणाले, "आहेस तिथेच थांब, बाळा. आधी तुझ्या पुढच्याला बाहेर येऊ दे."