सध्याच्या मालकाला फोन

संजयशेठनी दोघींना बसा म्हटलं नाही. लेथ मशीनच्या त्यांच्या शेडमध्ये खुर्ची एकच होती आणि तिच्यावर ते स्वतः बसले होते.

"बोला," ते म्हणाले. "काल फोनवर बोलून पोट भरलं न्हाई वाटतं."

ललिता मॅडम उभ्याच राहिल्या. त्यांच्या मागे उत्कर्षा, हातात निळी फाइल घट्ट धरून. वाघोलीच्या एका कारखान्यात मॅडम एचआरच्या प्रमुख होत्या आणि उत्कर्षा त्यांच्या हाताखाली दोन महिन्यांची इंटर्न. अर्जदारांची चौकशी करायला काल तिने सात फोन केले होते. सहा जुन्या मालकांना. सातवा इथे मांजरीला, इंद्रजीत नावाच्या अर्जदाराच्या सध्याच्या मालकाला, म्हणजे संजयशेठना. आपला कामगार दुसरीकडे नोकरी शोधतोय हे शेठना तिच्या त्या फोनवरूनच कळलं, आणि आज सकाळी आठला त्यांनी इंद्रजीतला कामावरून काढलं. साडेआठला त्याने मॅडमना फोन केला. तो रागावला नव्हता, नुसतं विचारत होता, "मॅडम, तुमी का सांगितलं?"

"कंपनीची गाडी मागवू?" असं तिने निघताना विचारलं होतं.

"चूक आपली. डिझेल कंपनीचं कशाला?" म्हणत मॅडमनी स्वतःची स्कूटर काढली आणि मांजरीपर्यंत पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. पुण्याचं माणूस बोललं तर टोचतं, पण गप्प बसलं तर त्याहून जास्त टोचतं, हे उत्कर्षाला मागच्या सीटवर बसून नीट कळलं.

"कालचा फोन ही आमची चूक होती," मॅडम आता शेठना सांगत होत्या. "सध्याच्या मालकाला विचारू नका, असं इंद्रजीतने फॉर्मवर लिहिलं होतं. आम्ही ते वाचलं नाही. आमच्या चुकीची शिक्षा त्याला होऊ नये. त्याला परत कामावर घ्या, एवढं सांगायला आले."

"फोन मी केला होता," उत्कर्षा म्हणाली. "मी फॉर्मचं पान उलटलंच नाही."

मॅडमनी वळून पाहिलं नाही. फक्त अर्धं पाऊल बाजूला सरकल्या, म्हणजे ती शेठना नीट दिसावी.

शेठनी तिच्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "मग द्या की त्याला तुमच्यातच नोकरी. मिटलं."

"तसं करता येणार नाही. त्या जागेसाठी आणखी पाच जण आहेत. चुकलो आम्ही, मग त्यांच्या वाटचं मी त्याला कसं देऊ? गुरुवारी मुलाखत आहे. चांगली झाली तर मिळेल."

"म्हंजे द्यायला काय न्हाई, आन मागायला आलाय."

"होय," मॅडम म्हणाल्या.

माफी मागताना माणूस लहान होतो, असं उत्कर्षा आजवर समजत होती. इथे तर मॅडम त्या शेडमध्ये मावेनाशा झाल्या होत्या. तिला त्यांचा फार अभिमान वाटला.

"दावा तो फारम. बघू काय लिव्हलंय त्यानं."

उत्कर्षा फाइल उघडू लागली, तोच मॅडमचा हात फाइलवर आला. "फॉर्म त्याचा आहे. त्याला विचारून दाखवू."

"घ्या! काल गावभर केलं आन आज सोवळं!" शेठ म्हणाले. पण ते उठले आणि दाराशी जाऊन ओरडले, "इंद्र्या!"

इंद्रजीत बाहेरच होता, सकाळपासून डबा मांडीवर घेऊन. घरी काय सांगायचं ते सुचलं नव्हतं, म्हणून तो गेलाच नव्हता. आत येऊन त्याने मॅडमचं म्हणणं ऐकलं आणि मान हलवली. "दावा."

शेठ चष्मा लावून उभ्यानेच वाचू लागले. दुसऱ्या पानाच्या तळाशी प्रश्न होता, 'सध्याच्या मालकाकडे चौकशी करावी का?' पुढे 'होय' आणि 'नाही'. 'नाही'वर खूण होती, दोनदा गिरवलेली. खाली इंद्रजीतने आपणहून लिहिलं होतं, 'नोकरी पक्की झाल्यावर शेठना मी स्वतः सांगणार. काम त्यांनीच शिकवलं.'

एवढ्याशा ओळीला शेठना बराच वेळ लागला. मग त्यांनी चष्मा काढला आणि खुर्ची मॅडमकडे सरकवली.

"विचारा आता," ते उत्कर्षाला म्हणाले. "काल रागानं फोन ठिवला मी. काय विचारायचं हाय ते विचारा."

प्रश्नांचा कागद फाइलमध्येच होता. अर्धवट राहिलेलं काम इथल्या इथे पुरं झालं असतं. उत्कर्षाने तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाही विचारता येणार," ती म्हणाली. "त्यांनी 'नाही'वर खूण केलीय."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, सकाळपासून पहिल्यांदा.

इंद्रजीतने डबा खाली ठेवला, हात पँटला पुसले आणि तिच्याकडे पेन मागितलं. 'नाही' खोडलं, 'होय'वर खूण केली, शेजारी सही केली.

मग उत्कर्षाने कागद काढला. "इंद्रजीत यांचं काम कसं आहे?"

शेडमध्ये चार लेथ चालू होते. खिडकीजवळचा पाचवा बंद होता. शेठनी त्याच्याकडे बोट केलं.

"सकाळपासनं दोघांना सांगितलं, ह्याच्या लेथवर उभं ऱ्हावा. एकबी ग्येला न्हाई, त्याच्यावानी काम आमाला जमायचं न्हाई म्हनले. लिव्हा."

ती लिहू लागली. शेठ इंद्रजीतकडे वळले.

"आन तू काय बघत बसलाय? गुरुवारपर्यंत तरी माझाच हायस. लेथ चालू कर."